रिपीटर जोडलेला दिसतो, पण इंटरनेट नाही: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

‘वायफाय लागलंय, रेंज फुल्ल आहे, पण काहीच उघडत नाही.’ घरात रिपीटर, म्हणजे राउटरचं वायफाय लांबच्या खोल्यांपर्यंत पोचवणारं छोटं यंत्र, असलेल्यांची ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की त्यापुढचं वाक्यही आता पाठ झालंय: ‘परवा बंद करून चालू केला तेव्हा चालला होता.’ मग रिपीटर खराब झाला असं समजून नवा आणला जातो आणि थोड्याच दिवसांत तोही तसाच वागू लागतो. या तक्रारीत रिपीटर खरोखर बिघडलेला क्वचितच निघतो. बिघाड बहुधा रिपीटर आणि राउटर यांच्या मधल्या जोडणीत असतो, आणि ती जोडणी फोनच्या पडद्यावर कुठेच दिसत नाही.

लक्षणं

– फोनमध्ये नेटवर्कच्या नावाखाली ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ असं येतं, किंवा वायफायच्या चिन्हाशेजारी उद्गारचिन्ह दिसतं.
– राउटरच्या खोलीत नेट व्यवस्थित चालतं, रिपीटरच्या टप्प्यात गेलं की थांबतं.
– फोन ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे’ इथेच अडकून बसतो आणि थोड्या वेळाने नेटवर्क सोडून देतो.
– साधे मेसेज कसेबसे जातात, पण फोटो आणि व्हिडिओ गोल फिरत राहतात.
– रिपीटर काढून पुन्हा लावला की काही काळ चालतो, मग पहिले पाढे पंचावन्न.

शेवटचं लक्षण असेल तर एक गोष्ट आधी आठवून पाहा: हे नेमकं केव्हा होतं? दर वेळी लाईट जाऊन आल्यावर होत असेल तर उपकरणं चालू होण्याचा क्रम चुकतोय. घरी चार पाहुणे आले की होत असेल तर राउटरकडचे पत्ते, म्हणजे तो प्रत्येक उपकरणाला देतो ते आयपी ॲड्रेस, संपतायत. रोज ठरावीक वेळी होत असेल तर राउटरमध्ये कुणीतरी वेळापत्रक लावलेलं असतं, मुलांचं नेट रात्री बंद करण्याचं किंवा राउटर आपोआप रिस्टार्ट होण्याचं. काहीच ठरावीक नसेल आणि रिपीटर वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यावर (दुसरा २.४चा) असेल तर माझा पहिला संशय चॅनलवर, म्हणजे त्या पट्ट्यातल्या वापरात असलेल्या भागावर जातो. पुढच्या सगळ्या तपासण्या न करता यातूनच अर्धी उत्तरं मिळतात.

हे होतं कशामुळे

रिपीटर असलेल्या घरात फोन ते इंटरनेट या वाटेत तीन टप्पे असतात: फोन ते रिपीटर, रिपीटर ते राउटर, आणि राउटर ते बाहेर. फोनवर दिसणाऱ्या रेंजच्या दांड्या फक्त पहिल्या टप्प्याच्या असतात. रिपीटर शेजारच्या प्लगमध्ये आहे म्हणून दांड्या भरलेल्या दिसणारच. दुसरा टप्पा पूर्ण तुटला तरी त्या कमी होत नाहीत.

पासवर्डचंही तसंच. बऱ्याच रिपीटरमध्ये राउटरचा पासवर्ड वेगळा साठवलेला असतो आणि फोनने टाकायचा वेगळा. त्यामुळे राउटरचा पासवर्ड बदलला तरी फोन जुन्याच पासवर्डने रिपीटरला आनंदाने जोडला जातो. दाराशी आलेला रिपीटर मात्र राउटरकडून परत पाठवला जात असतो.

तेव्हा आपलं पहिलं काम एकच, तीनपैकी कोणता टप्पा तुटलाय ते ओळखणं. ते कळायच्या आत रिसेटचं बटण दाबू नका. रिसेटने लक्षणं पुसली जातात, कारण तसंच राहतं.

आधी फुकटात होणाऱ्या गोष्टी

फोनचा मोबाइल डेटा बंद करा. हे सांगायला क्षुल्लक वाटतं, पण याच्याशिवाय बाकीच्या चाचण्यांना अर्थ नाही. वायफायवर नेट नाही असं दिसताच बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात, आणि तुम्हाला वाटतं रिपीटर सुरू झाला. सगळ्यात सोपं म्हणजे विमान मोड लावायचा आणि मग फक्त वायफाय चालू करायचं.

आता फोन घेऊन राउटरच्या खोलीत जा आणि राउटरच्याच नावाला जोडा. तिथेही नेट नसेल तर रिपीटरचा विषय संपला. भिंतीवरच्या फायबरच्या डब्यावर लाल दिवा आहे का पाहा आणि नेट पुरवणाऱ्या कंपनीला फोन करा. राउटर आणि रिपीटर दोघांचं नाव एकच ठेवलं असेल तर ही चाचणी फसवी ठरते, कारण फोन नक्की कुणाला जोडलाय ते कळत नाही. तपास चालू आहे तोवर रिपीटरचा प्लग काढूनच राउटर तपासा. मी तर रिपीटरचं नाव कायम वेगळं ठेवतो. एकाच नावाने घरभर फिरता येतं हे खरं, पण असं काही झालं की वेगळं नाव सोन्यासारखं वाटतं.

राउटरवर नेट ठीक असेल तर रिपीटरला दुसरा फोन किंवा लॅपटॉप जोडून पाहा. दुसऱ्यावर चालतंय आणि तुमच्यावर नाही, म्हणजे दोष तुमच्या फोनात आहे. फोनमधून ते नेटवर्क ‘विसरा’ म्हणा आणि पासवर्ड टाकून नव्याने जोडा. तरी नाही झालं तर तीन ठिकाणी पाहा: व्हीपीएन चालू राहिलं आहे का, ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये कधीतरी काही भरून ठेवलं आहे का, आणि या नेटवर्कसाठी आयपी ‘स्टॅटिक’, म्हणजे हाताने पक्का, केला आहे का. तारीख-वेळ चुकलेली असली तरी सुरक्षित साइट उघडत नाहीत, तेही एकदा बघून घ्या.

बंद-चालू, पण क्रमाने

सगळे बंद-चालू करतात, पण हाताला आधी येईल ते. क्रम महत्त्वाचा आहे. रिपीटरचा प्लग काढा. फायबरचा डबा वेगळा असेल तर तो आणि राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने आधी डबा, मग राउटर चालू करा. राउटरवर नेट आल्याची खात्री फोनवर करून घ्या, याला दोन-तीन मिनिटं लागतात. त्यानंतरच रिपीटर लावा. त्याचा दिवा स्थिर झाला की फोनचं वायफाय बंद करून चालू करा.

यामागचं कारण असं: घरातल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता वाटण्याचं काम राउटरचं. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. बऱ्याच रिपीटरमध्येही पत्ते वाटण्याची सोय असते आणि ती ‘ऑटो’वर ठेवलेली असते, म्हणजे राउटर सापडला नाही तर रिपीटर स्वतःच पत्ते वाटू लागतो. ही सोय फक्त एवढ्यासाठी दिलेली असते की राउटर नसतानाही तुम्हाला रिपीटरच्या सेटिंगमध्ये शिरता यावं. लाईट येते तेव्हा रिपीटर राउटरच्या आधी जागा होतो, राउटर दिसत नाही म्हणून पत्ते वाटायला बसतो, आणि फोन तो पत्ता घेऊन मोकळा होतो. पुढे राउटर आला तरी फोनच्या खिशात जुनाच, कुठेही न नेणारा पत्ता. लाईट गेल्यावर दर वेळी हेच होत असेल तर राउटरला छोटा यूपीएस लावणं हा सगळ्यात टिकाऊ उपाय आहे. राउटर बंदच झाला नाही तर रिपीटर परत आल्यावर त्याला लगेच सापडतो.

रिपीटर राउटरच्या खोलीत आणा

सगळ्या तपासण्यांमध्ये मला ही सर्वात उपयोगी वाटते, आणि लोक नेमकी हीच टाळतात. रिपीटर काढा, राउटरपासून दोन-तीन पावलांवरच्या प्लगमध्ये लावा आणि पाच मिनिटं थांबा.

तिथे नेट चाललं तर सेटिंग बरोबर आहेत, जागा चुकली आहे. तिथेही चाललं नाही तर जागेचा प्रश्न नाही, सेटिंगमध्ये गडबड आहे. इथून वाट दोन दिशांना फुटते, तेव्हा याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जागा चुकलेली असेल तर त्याचं कारण बहुतेक एकच असतं: जिथे नेट येत नाही तिथेच रिपीटर लावलेला असतो. रिपीटर नेट तयार करत नाही, मिळालेलं पुढे देतो. त्याच्या जागी राउटरची रेंज मरतुकडी असेल तर तो मरतुकडं नेटच मोठ्या आवाजात पसरवणार. जागा ठरवायला वायफाय ॲनलायझरसारखं कुठलंही फुकट ॲप घ्या, रिपीटर बंद ठेवा आणि जिथे तो लावायचा आहे तिथे उभं राहून राउटरची ताकद पाहा. ती उणे डेसिबलमध्ये दिसते. उणे ५० उत्तम, उणे ६५च्या आसपास रिपीटरला पुरेशी, उणे ७५च्या खाली गेली की जोडणी टिकेल याचा भरवसा नाही. आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. राउटर आणि अंधारी खोली यांच्या ‘बरोबर मध्ये’ लावा असं सांगतात, ते ढोबळमानाने ठीक, पण मध्ये काँक्रीटची भिंत असेल तर अंतरापेक्षा भिंत मोठी. रिपीटर भिंतीच्या अलीकडे, राउटरच्या बाजूला ठेवावा लागतो. फ्रिजमागे, मोठ्या आरशामागे, लोखंडी कपाटाशेजारी किंवा मायक्रोवेव्हजवळचा प्लग नको. ५ गिगाहर्ट्झची लहर भिंतीत जास्त अडते, म्हणून दूरच्या रिपीटरसाठी राउटरशी २.४ गिगाहर्ट्झची जोडणी सावकाश असली तरी जास्त टिकाऊ ठरते.

काही रिपीटरवर राउटरच्या रेंजसाठी वेगळा दिवा असतो. त्याचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, माहितीपत्रक बघा. पॉवरचा दिवा हिरवा आहे म्हणजे सगळं ठीक, असं मात्र धरू नका.

पत्ता वाचायला शिका

राउटरशेजारीही नेट नाही असं निघालं तर पुढचं उत्तर फोनमध्येच लिहिलेलं असतं. आधी राउटरच्या वायफायला जोडून नेटवर्कच्या तपशिलात जा आणि गेटवे, म्हणजे बाहेर जाणाऱ्या दाराचा पत्ता, लिहून घ्या. आयफोनमध्ये हीच ओळ ‘राउटर’ या नावाने दिसते. समजा तिथे १९२.१६८.१.१ आहे. आता रिपीटरला जोडून तीच ओळ पुन्हा वाचा.

एका घरी वरच्या मजल्यावर दर पावसाळी वादळानंतर नेट जायचं. खाली गेटवे १९२.१६८.१.१, वर मात्र १९२.१६८.०.२५४. शेवटचे दोन आकडे वेगळे दिसताच कोडं सुटलं: फोनला पत्ता राउटरने नाही, रिपीटरने दिला होता. रिपीटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी ‘ऑटो’वरून ‘बंद’ केलं आणि ती तक्रार पुन्हा आली नाही. मात्र असं करण्याआधी राउटरच्या यादीत रिपीटरला कोणता पत्ता मिळालाय तो लिहून ठेवा. नाहीतर पुढच्या वेळी सेटिंगमध्ये शिरायचं कसं, हा नवा प्रश्न उभा राहतो.

गेटवे वेगळा दिसण्याचं आणखी एक कारण असू शकतं. काही उपकरणं रिपीटर, ॲक्सेस पॉइंट (केबलने आलेलं नेट वायफायने देणारा) आणि राउटर अशा तिन्ही मोडमध्ये चालतात. चुकून राउटर मोड लागला असेल तर ते पत्त्यांची स्वतःची वेगळी मालिका चालवतं, मोड बदलून रिपीटर करा.

पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर फोनला किंवा लॅपटॉपला कुणीच पत्ता दिलेला नाही, त्याने तो स्वतःच्या मनाने लावून घेतलाय. म्हणजे राउटरपर्यंत निरोप पोचत नाही, किंवा पोचूनही राउटर नकार देतोय. पासवर्ड, पत्त्यांचा साठा आणि मॅक फिल्टर (उपकरणाचा ओळख क्रमांक, म्हणजे मॅक पत्ता, बघून आत घेणारी राउटरची सोय), या तिघांपैकी कुणीतरी दोषी.

गेटवे दोन्हीकडे सारखाच असेल तर ब्राउझरमध्ये तोच आकडा टाकून बघा. आकडे अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे. राउटरचं लॉगिन पान उघडलं तर रिपीटर ते राउटर वाट मोकळी आहे आणि दोष बहुधा डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावाचा आकडा शोधून देणाऱ्या सेवेचा. फोनमध्ये या नेटवर्कसाठी डीएनएस ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरून पाहा. पहिला गूगलचा, दुसरा क्लाउडफ्लेअरचा. लॉगिनला भलत्याच कंपनीचं, म्हणजे रिपीटरचं पान उघडलं तर दोघांनी एकच पत्ता धरून ठेवलाय. रिपीटरचा बदलून १९२.१६८.१.२५० असा काहीतरी राउटरच्या मालिकेतला, पण वाटपात नसलेला द्या.

राउटरच्या सेटिंगमध्ये

इथे काही बदलण्याआधी आहे त्या पानांचे फोटो काढून ठेवा.

पहिल्यांदा पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या प्रकारावर असेल तर जुना रिपीटर त्याला जोडूच शकत नाही. राउटरवर डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र असा पर्याय असतो, तो निवडा. रिपीटर पाहुण्यांसाठीच्या गेस्ट नेटवर्कला जोडलेला असेल तर तो मुख्य नेटवर्कला जोडा.

मग मॅक फिल्टर. ‘फक्त यादीतलीच उपकरणं’ असं लावलेलं असेल तर एक मेख आहे: बरेच रिपीटर आपल्यामागच्या फोनचे मॅक पत्ते बदलून राउटरला दाखवतात. त्यामुळे फोन यादीत असूनही रिपीटरमार्गे आला की अनोळखी ठरतो. फिल्टर तात्पुरता बंद करून बघा. माझ्या मते घरगुती वायफायला या फिल्टरचा त्रासच जास्त, चांगला पासवर्ड पुरतो.

पत्त्यांचा साठा म्हणजे डीएचसीपीची रेंज. ती २० किंवा ३० पत्त्यांचीच ठेवलेली असेल तर टीव्ही, कॅमेरे, बल्ब आणि पाहुण्यांचे फोन मिळून ती सहज संपते. त्यात आजकालचे फोन दर नेटवर्कला वेगळा मॅक पत्ता दाखवतात, म्हणून राउटर आणि रिपीटरची नावं वेगळी असतील तर एकच फोन दोन पत्ते अडवून बसू शकतो. पत्त्यांची ही रेंज वाढवा.

चॅनलवर मात्र जरा थांबू या, कारण ‘कधीही जातं, कधीही येतं’ प्रकाराचं मूळ बहुतेकदा इथेच सापडतं. ५ गिगाहर्ट्झमध्ये ५२ ते १४४ या पट्ट्यातले चॅनल बहुतेक देशांत रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. राउटरला रडारची चाहूल लागली की त्याला चॅनल सोडावाच लागतो, आणि अशा नव्या चॅनलवर जाण्याआधी किमान एक मिनिट नुसतं ऐकत थांबावं लागतं. तेवढ्यात रिपीटर भांबावतो. काही स्वस्त रिपीटरना तर हे चॅनल दिसतच नाहीत. राउटरचा ५ गिगाहर्ट्झ चॅनल ‘ऑटो’वरून काढून ३६ ते ४८ मधला एक पक्का करा. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांतला गर्दी कमी असलेला निवडा. १२ आणि १३ काही उपकरणं ओळखत नाहीत. हा एक बदल करून दोन-तीन दिवस बघा, सोबत दुसरं काही बदलू नका, म्हणजे गुण कशाने आला ते कळेल.

आता रिसेट

एवढं करूनही नाही झालं तर रिपीटर चालू असताना टाचणीने रिसेटचं छिद्र दहा सेकंद दाबा आणि राउटरशेजारीच नव्याने जोडणी करा. पासवर्ड न टाकता जोडणाऱ्या डब्ल्यूपीएस बटणाची सोय असेल तर आधी राउटरचं, मग दोन मिनिटांच्या आत रिपीटरचं दाबायचं. बटणाने जमलं नाही तर ॲप किंवा ब्राउझरमधून पासवर्ड हाताने टाका. राउटर फक्त डब्ल्यूपीए३वर असेल तर हे बटण चालतच नाही.

फर्मवेअरचा, म्हणजे यंत्रातल्या सॉफ्टवेअरचा, अपडेट उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून घ्या आणि मागच्या स्टिकरवर मॉडेलपुढे छापलेली व्हर्जन जुळवून पाहा. एकाच मॉडेलच्या दोन व्हर्जनचं फर्मवेअर वेगळं असतं, चुकीचं घातलं तर रिपीटर कायमचा बंद पडू शकतो. मध्येच लाईट जाण्याची शक्यता असेल त्या दिवशी हे काम करू नका.

घरात नेटवर्कची केबल टाकलेली असेल तर रिपीटर तिला जोडून ॲक्सेस पॉइंट मोडवर ठेवा. मधला बिनतारी टप्पाच नाहीसा होतो, त्याबरोबर वरचे निम्मे प्रश्नही. फक्त केबल आणि वायफाय अशा दोन्ही वाटांनी तो राउटरला जोडला जाणार नाही हे पाहा, नाहीतर निरोप गोल फिरत राहतात आणि अख्ख्या घराचं नेट ठप्प होतं.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

राउटरवरच नेट नसेल किंवा फायबरच्या डब्यावर लाल दिवा असेल तर ते काम नेट पुरवणाऱ्याचं आहे. फायबरची पिन उपटून तिच्या टोकात डोकावू नका, त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो. राउटर कंपनीचा असेल आणि त्याच्या सेटिंगचा पासवर्ड तुम्हाला दिलेला नसेल तर डीएचसीपी आणि चॅनलचे बदल त्यांच्याकडूनच करून घ्या.

रिपीटर हाताला चटका बसेल इतका तापत असेल, जळका वास येत असेल किंवा प्लगपाशी काळा डाग दिसत असेल तर तो लगेच काढा आणि परत लावू नका. प्लगसाठी इलेक्ट्रिशियन, रिपीटरसाठी वॉरंटी. आतमध्ये थेट घरचा वीजपुरवठा असतो, खोलून बघण्यासारखं त्यात काही नाही.

रिसेट करूनही राउटरच्या शेजारी तो चालत नसेल, आणि दुसरा कुठलाही रिपीटर त्याच जागी चालत असेल, तर यंत्र गेलं. तिथे आणखी वेळ घालवू नका. उलट राउटरशेजारी उत्तम चालतो पण घरात कुठेच पुरेशी रेंज देणारी जागा सापडत नाही, असं असेल तर तिसरा-चौथा रिपीटर आणून साखळी लावू नका. एकच रेडिओ असलेला रिपीटर तेच नेट ऐकतो आणि पुन्हा बोलतो, त्यात वेग साधारण निम्मा होतो, आणि साखळीतल्या प्रत्येक टप्प्याला हे पुन्हा घडतं. अशा घरात केबल टाकणाऱ्या माणसाला बोलवा. त्याला सांगण्यासाठी चार गोष्टी हाताशी ठेवा: राउटरपाशी नेट चालतं का, रिपीटर राउटरच्या खोलीत चालतो का, दोन्हीकडचा गेटवे कोणता, आणि ज्या खोलीत नेट हवं तिथे ताकद उणे किती दिसते.